नर्सबाईची सही

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. मोबाईलवर बोटानं टाईप करतेय, चष्मा पण बदलायचा झालाय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रात एका गृहस्थांनी लिहिलं होतं की आमच्या उपकेंद्रात डॉक्टर कधी दिसतच नाही, नर्सच बीपी बघते, नर्सच गोळ्या देते, म्हणजे सरकारनं आम्हाला नर्सच्या भरवशावर सोडून दिलंय. वाचून आधी राग आला मग हसू आलं, कारण दोनच महिन्यांपूर्वी मी स्वतः अगदी हेच बोलले होते, ते पण अमेरिकेत, ते पण माझ्या पोराला. आणि मी कोण, तर ३४ वर्षं झेडपीची नर्सबाई. १९८६ ला एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स म्हणून लागले, माण खटावच्या दुष्काळी पट्ट्यात उपकेंद्रं फिरले, शेवटची काही वर्षं एलएचव्ही, म्हणजे त्या नर्सवरची सुपरवायझर होते, २०२० ला रिटायर झाले ते पण कोरोनाच्या धामधुमीत, निरोप समारंभ नाही की नारळ नाही. असो.

तर झालं असं. माझा मुलगा डेन्व्हरजवळ ऑरोरा म्हणून गाव आहे तिथं असतो, मी सहा महिन्यांसाठी गेले होते. जायच्या आधीपासूनच मला कोरडा खोकला होता. म्हणजे किती तर रात्री दोन दोन वाजता उठून बसायचे, सुनेची झोप मोडायची म्हणून तोंडात पदर कोंबायचे. इथं साताऱ्यात दाखवलं होतं, छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, सगळं निल. खोकल्याची दोन औषधं आणि अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, उतार नाही. डॉक्टर वाईट नाही हां, चांगला एमडी आहे हुशार आहे, पण बाहेर साठ माणूस बसलेलं असतं, त्यात मी, मला म्हणाला सिस्टर तुम्हाला काय सांगायचं, ॲलर्जिक असेल, तिकडं हवाबदल झाला की जाईल.

तिकडं गेल्यावर वाढलाच. डेन्व्हर म्हणजे समुद्रापासून बरोब्बर एक मैल उंच, हवा कोरडी, आणि जिना चढला की मला दम लागायचा. मुलगा म्हणाला आई दाखवून घेऊ. त्यानं फोन केला तर डॉक्टरची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी, पण नर्स प्रॅक्टिशनरची, म्हणजे वरचं शिकून स्वतः पेशंट तपासणाऱ्या नि गोळ्या लिहिणाऱ्या नर्सची, उद्या सकाळी साडेनऊला आहे, घेऊ का? मी म्हणलं नर्स? अरे एवढे पैसे मोजून मी नर्सला दाखवू? नर्स तर मी पण आहे! डॉक्टरच बघ. तो म्हणाला आई इथं आम्ही सगळे तिच्याकडंच जातो, चिनूचं वर्षाचं चेकअप पण तीच करते, माझी शुगर बॉर्डरला आलीय ती पण तिनंच पकडली. आणि हे मला माहीतच नव्हतं, चार वर्षं माझ्या नातवाला नर्स बघतेय आणि फोनवर मला सांगायचे "डॉक्टरकडं नेलं होतं".

गेले बाई शेवटी नाइलाजानं. व्हिजिटर इन्शुरन्सवाले म्हणाले जुनं दुखणं धरत नाही, म्हणजे रोख. १६० डॉलर. तेरा चौदा हजार रुपये झाले, मनातल्या मनात गुणाकार करून पोटात गोळा आला. एका पोरीनं वजन उंची बीपी घेतलं, ती वेगळी, तिला मेडिकल असिस्टंट म्हणतात. मग ही आली. चाळिशीची असेल, पायात साधे बूट, गळ्यात स्टेथो. आल्या आल्या पहिलं वाक्य काय, तर मी डॉक्टर नाही, मी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर आहे, चालेल ना? मी मान हलवली. मग विचारलं कुठल्या भाषेत बोलायचं, मुलगा म्हणाला मी सांगतो ना, तर नाही म्हणाली, मुलाला बाहेर बसवलं आणि फोन लावला, स्पीकरवर एक मराठी बाई! बोली नागपूरकडची, "तुम्हाले काय त्रास होऊन राहिला" असं. डोळ्यात पाणीच आलं माझ्या. मग त्या नर्सनं विचारायला सुरुवात केली आणि त्यात एक प्रश्न असा की घरी तुम्हाला कुणी मारत नाही ना, धमकावत नाही ना, आणि ती नागपूरची बाई पण जरा अडखळली विचारताना, मग आम्ही दोघी हसलो. तो प्रश्न तिथं सगळ्यांनाच विचारतात म्हणे. नंतर मी सुनेला सांगितलं तर ती दोन दिवस माझ्याकडं बघून बघून चहा देत होती.

आता मुद्द्याची गोष्ट. तिनं माझी गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी केली. एकेक पाकीट उचलून विचारलं, ही कशाची, कधीपासून, आधी कुठली होती, का बदलली. मी सांगितलं की बीपीला आधी अम्लोडिपिन होती, पाय सुजायचे, मग रॅमिप्रिल दिली. कधी बदलली? मी बोटं मोजून सांगितलं संक्रांतीनंतर. आणि खोकला कधी सुरू झाला? शिमग्याच्या आसपास. तिनं कागदावर दोन तारखा लिहिल्या, मधे रेघ मारली, आणि कागद माझ्याकडं फिरवला. काही बोललीच नाही. आणि संपादक साहेब माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं, अगं बाई, प्रिल! प्रिलच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो हे मी कधीतरी ट्रेनिंगमधे ऐकलेलं, वहीत लिहिलेलं. चौतीस वर्षं नोकरी केलेली बाई मी आणि स्वतःची गोळी मला कळली नाही.

मग तिनं छाती पुढून मागून नीट ऐकली, पायाची सूज बघितली, ऑक्सिजन बघितला, आमच्या भागातून आलेय म्हणून संध्याकाळचा ताप, वजन कमी होणं, थुंकीतून रक्त हे टीबीचे सगळे प्रश्न विचारले, इथले रिपोर्ट मोबाईलवर बघितले. रॅमिप्रिल बंद, बीपीची दुसरी गोळी लोसार्टन चालू, किडनी आणि पोटॅशियमची रक्ततपासणी, आणि सांगितलं की चार आठवड्यांत खोकला गेला नाही तर परत फोटो काढू, आणि मग मी तुम्हाला फुप्फुसाच्या डॉक्टरकडं पाठवणार, माझ्याकडं ठेवणार नाही. हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. घड्याळ बघितलं तर ३५ मिनिटं झाली होती. प्रिस्क्रिप्शन तिनं कॉम्प्युटरवरनंच औषधाच्या दुकानात पाठवलं, खाली नाव तिचं. डॉक्टरचं नाव कुठंच नाही. मी मुलाला दोनदा विचारलं, अरे सही कुणाची आहे बघ की. तिचीच.

खोकला सोळाव्या दिवशी गेला. आता कुणी म्हणेल यात काय मोठं, आमचा डॉक्टर पण हे पकडू शकला असता. अगदी बरोबर, शंभर टक्के. पाच मिनिटं मिळाली असती तर त्यानंच पकडलं असतं, माझ्यापेक्षा आणि तिच्यापेक्षा तो जास्तच शिकलेला आहे. पण ती पाच मिनिटं त्याच्याकडं नाहीत. मुलानं मला एक काढून दाखवलं, २०१७ ला बीएमजे ओपन म्हणून डॉक्टरी जर्नल आहे त्यात ६७ देशांचा हिशोब आला होता, डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतो, स्वीडनमधे साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपण दोन मिनिटांच्या आसपास. मला काही नवल वाटलं नाही, सोमवारच्या बाजारादिवशी पीएचसीची, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी मी बघितलीय, केसपेपर लिहून होईस्तोवर पुढचा माणूस स्टुलावर बसलेला असतो.

मग मला नादच लागला. रिकामी बसून काय करायचं, नातू शाळेत, सून ऑफिसात, मी मुलाकडनं एकेक विचारून घेत गेले, की ही नर्स प्रॅक्टिशनर भानगड आली कुठनं. तर आली त्याच गावातनं! १९६५ ला कोलोराडो युनिव्हर्सिटीत लॉरेटा फोर्ड म्हणून एक पब्लिक हेल्थ नर्स आणि हेन्री सिल्व्हर म्हणून लहान मुलांचे डॉक्टर, या दोघांनी पहिला कोर्स काढला. कारण काय तर खेड्यापाड्यातल्या पोरांना बघायला डॉक्टर नव्हते आणि पब्लिक हेल्थ नर्स ते काम अर्धंमुर्धं करतच होत्या. वजन घेणं, लस देणं, आईला समजावणं. म्हणजे आमचंच काम की हे! तेव्हा डॉक्टर तर चिडलेच पण नर्सिंग कॉलेजवाल्या बाया पण चिडल्या, म्हणे हे नर्सिंगच नाही, ही डॉक्टरची नक्कल आहे. ही फोर्ड बाई १०४ वर्षं जगली, २०२५ च्या जानेवारीत गेली. आज तिकडं नर्स प्रॅक्टिशनर चार लाखांच्या आसपास आहेत.

शिक्षण म्हणजे आधी चार वर्षांची नर्सिंगची डिग्री, रजिस्टर्ड नर्सचं लायसन्स, बहुतेकजणी काही वर्षं वॉर्डात काम करतात, मग दोन तीन वर्षांची मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग राष्ट्रीय परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. आणि प्रत्येक राज्याचा कायदा निराळा, हे एक त्यांचं भारी आहे. कोलोराडोत अनुभव झाला की ती स्वतःचा दवाखाना टाकू शकते. माझी भाची टेक्सासात डॅलसला असते, तिथं नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरबरोबर लेखी करार केल्याशिवाय गोळी लिहिता येत नाही, आणि त्या करारापोटी डॉक्टर महिन्याला पैसे घेतात, कधी कधी तर पेशंट बघायचा सोडा, तो त्या दवाखान्यात येत पण नाही म्हणे. म्हणजे सहीचं भाडं! हे ऐकून मला माझ्या काही जुन्या साहेबांची फार आठवण आली. बाकी मेडिकेअर, म्हणजे तिकडचा म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, नर्स प्रॅक्टिशनरला त्याच कामाचे डॉक्टरच्या ८५ टक्केच पैसे देतं. म्हणजे तिकडं पण नर्स ती नर्सच, १५ टक्क्यांनी.

आणि हे चांगलं की वाईट, यावर तिकडं ६० वर्षं भांडण चालूच आहे. न्यूयॉर्कमधे एक मोठा अभ्यास झाला, २००० साली जामा म्हणून तिकडच्या डॉक्टरांचं जर्नल आहे त्यात आला, १३१६ पेशंट चिठ्ठी टाकल्यासारखे वाटले, काही नर्स प्रॅक्टिशनरकडं काही डॉक्टरकडं, दोघांना अधिकार सारखेच. सहा महिन्यांनी बघितलं तर तब्येतीत फरक नाही, उलट बीपीवाल्यांचं खालचं बीपी नर्सकडच्यांचं थोडं कमीच. नंतर २०१८ ला कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरचे अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या संस्थेनं, असले १८ अभ्यास एकत्र केले, त्यात पण असंच निघालं की दवाखान्यातल्या रोजच्या दुखण्याला शिकलेली नर्स डॉक्टरइतकंच काम करते, वेळ जास्त घेते आणि लोक जास्त खूष असतात. पण दुसरी बाजू पण आहे आणि ती मी लपवणार नाही. मिसिसिपीत एका मोठ्या दवाखान्यानं २०२२ ला स्वतःचेच आकडे काढले तर नर्सच्या हातात दिलेल्या पेशंटचा खर्च जास्त निघाला, तपासण्या जास्त, मोठ्या डॉक्टरकडं पाठवणं जास्त. ते मी पण बघितलं, आमच्या शेजारच्या तेलुगू आजोबांच्या मानेवर साधा मस होता, चामखीळ हो, तर त्यांना लगेच स्किनच्या डॉक्टरकडं पाठवलं, बिल आलं ते बघून आजोबांनाच चक्कर. आणि ट्रेनिंगचे तास. नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्समधे पेशंटबरोबरचे तास आतापर्यंत कमीत कमी ५०० धरायचे, आता ७५० म्हणतायत, बाकी अभ्यास बऱ्याच जणी घरी बसून ऑनलाइन करतात. फॅमिली डॉक्टर मेडिकल कॉलेज झाल्यावर तीन वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे सीनियरच्या हाताखाली पेशंट बघायचं ट्रेनिंग करतो, त्याचे तास दहा हजारांच्या घरात. आता ही तुलना पूर्ण खरी नाही कारण नर्सनं आधी वॉर्डात घालवलेली वर्षं यात धरत नाहीत, पण जी पोरगी वॉर्डात न घासता सरळ कोर्सला जाते तिचं काय? मला विचाराल तर मी तिच्याकडं जाणार नाही. माझ्या त्या बाईनं ११ वर्षं हॉस्पिटलात काढलेली होती, ते तिच्या हाताला कळत होतं. छाती ऐकताना स्टेथो आधी तळव्यावर घासून गरम केला तिनं.

आता आपल्याकडं येते. त्या पत्रलेखक गृहस्थांना मला सांगायचंय की दादा, तुम्ही नर्सच्या भरवशावर आत्ता आला नाहीत, तुमचा जन्म पण बहुतेक नर्सच्याच हातावर झालाय. फक्त कागदावर तसं लिहिलेलं नसतं.

२००३ ची गोष्ट. रात्री अकराला बाई आली, चौथं बाळंतपण, अंगात रक्त नाही. बाळ झालं, वार पडली, पण रक्त थांबेना. चादरी भिजल्या. मेडिकल ऑफिसर तालुक्याच्या गावी राहायला, मोबाईलला रेंज नाही, १०८ तेव्हा नव्हतीच, ती आली २०१४ ला. मी आणि एक शिपाई. मी सलाईन लावलं, त्यात ऑक्सिटोसिन सोडलं, मेथर्जिन दिलं, आणि पोटावरनं गर्भपिशवी चोळत बसले, हात सोडला की परत ढिली पडायची म्हणून सोडलाच नाही, सरपंचाच्या जीपमधे पण चोळतच गेले तीस किलोमीटर. बाई वाचली. आजही यात्रेत भेटली की पाया पडते. सकाळी साहेब आले, केसपेपर मागितला, स्वतःच्या अक्षरात सगळं लिहिलं, पेशंट बघितला, अमुक इंजेक्शन दिलं, अमुक वाजता रेफर केला, खाली सही. मला म्हणाले सिस्टर तुमच्या नावावर मेथर्जिन दाखवलं तर उद्या तुम्हीच अडकाल. ते पण खरंच होतं! वाईट माणूस नव्हता, बॉण्डवर आलेला पंचवीस सव्वीस वर्षांचा पोरगा. त्या वर्षी पीएचसीला बाळंतपणाच्या कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं ते साहेबांच्या केबिनमधे लागलं. आणि दुसऱ्या एका पीएचसीला लसीकरणानंतर एका पोराला गाठ आली तेव्हा कारणे दाखवा नोटीस कुणाला, तर मला. चांगलं झालं की सही साहेबांची, बिघडलं की नोटीस सिस्टरला, असं आमचं गणित.

पण मी एकटी वाघीण होते असं समजू नका. हे लिहायचं की नाही यावर दोन दिवस घालवले. १९९१ ला एका वस्तीवर एक दीड वर्षाचं पोर तापानं फणफणलेलं होतं. मी सेप्ट्रान दिली, पॅरासिटॅमॉल दिली, ओल्या फडक्यानं पुसायला सांगितलं आणि पुढच्या वस्तीवर गेले, कारण त्या दिवशी कुटुंब नियोजनाच्या केसेसचं टार्गेट होतं. पोराची मान ताठ आहे का बघितलंच नाही. बघायचं असतं हेच मला नीट शिकवलं नव्हतं, १८ महिन्यांच्या ट्रेनिंगमधे बाळंतपण आणि लसी, बाकी वरवर. मेंदूज्वर होता. तिसऱ्या दिवशी सिव्हिलला नेलं, जगलं, पण दोन्ही कानांनी ऐकू येणं गेलं. तो आता पस्तिशीचा आहे, टेलरिंग करतो, मला बघितलं की हसतो, त्याला काय माहीत. त्याच्या आईला माहीत आहे का मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही. त्यामुळं कुणी म्हणालं की द्या सगळ्या नर्सना गोळ्या लिहायचा अधिकार, चला, तर पहिली मीच आडवी येईन.

मात्र शिकवलं तर काय होतं ते पण आपल्याच महाराष्ट्रानं दाखवलंय, अमेरिकेला जायची गरजच नव्हती. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या बाया तयार केल्या, कित्येकींना लिहिता वाचता येत नव्हतं, त्या बाया गरोदर बाई आणि कुपोषित पोर आमच्याआधी ओळखायच्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर ३९ गावांत आरोग्यदूत बायांना नवजात बाळाला जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. त्यावेळी किती ओरडा झाला, अडाणी बाईच्या हातात सुई! आणि १९९९ ला लॅन्सेट या डॉक्टरी जर्नलमधे आकडे आले, हजारामागं ६२ बाळं दगावायची ती २५ वर आली. त्यावरनंच पुढं २०११ ला आशाताई घरी जाऊन बाळ बघायला लागल्या. पण तिथं काय होतं, की शिकवलेलं होतं, परत परत तपासणी होती, वहीत लिहिलेलं असायचं कुणी काय दिलं.

आता २०१८ पासून उपकेंद्राचं हेल्थ अँड वेलनेस सेंटर झालं, मग आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, पाटी दोनदा रंगवली. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी बसवले, सीएचओ. काही बीएएमएस, काही बीएस्सी नर्सिंगच्या पोरी, वर सहा महिन्यांचा कोर्स. ही कल्पना मला मनापासून पटते. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी शुगर बघायचं, डॉक्टरनं एकदा गोळी सुरू केली की महिन्याच्या महिन्याला गावातच द्यायची, अडलं तर ई-संजीवनीवर डॉक्टरला व्हिडिओवर विचारायचं. माणमधल्या म्हाताऱ्याला बीपीच्या गोळीसाठी एसटीनं तालुक्याला जायला लागत नाही ही काय लहान गोष्ट आहे? त्या गृहस्थांना माझं सांगणं एवढंच की त्या पोरीकडं जा, पण गोळ्यांची पिशवी घेऊन जा आणि टेबलावर उपडी करा.

पण त्या पोरींचं बघा. कंत्राटी. पगारातला काही भाग कामाच्या आकड्यांवर, म्हणजे पेशंटसमोर बसायचं का मोबाईलवर ॲपमधे एंट्र्या मारायच्या? माझी एक ओळखीची पोरगी आहे सीएचओ, ती म्हणते मावशी दिवसातले तीन तास ॲपला जातात. आणि शेवटी गोळी सुरू करायची तर डॉक्टरच पाहिजे, डॉक्टर नसला की मग काय होतं ते मला चांगलं माहीत आहे, आणि तुम्हाला पण माहीत आहे, आणि साहेबांना पण. फोनवर तोंडी ऑर्डर. सही नंतर.

यावर काही बोललं की लगेच भांडण पेटतं. २०१९ च्या मेडिकल कमिशनच्या कायद्यात डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ठरावीक गोळ्या लिहायचं मर्यादित लायसन्स द्यायचं कलम ३२ आलं तेव्हा देशभर डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले. होमिओपॅथीवाल्यांनी वर्षाचा कोर्स करून ॲलोपॅथीच्या गोळ्या लिहायच्या का यावरनं २०२५ ला आपल्या राज्यात संप झाला. डॉक्टरांची भीती सगळीच खोटी नाही, वर्षाच्या कोर्सनं डॉक्टर होत नाही हे मी पण म्हणते, आणि भोंदू लोक असल्या फटीतनं लगेच आत घुसतात. पण या सगळ्या भांडणात नर्सचं नाव कुणी घेत नाही हे तुमच्या लक्षात आलंय का? केंद्रानं २०१८ ला नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरीच्या, म्हणजे बाळंतपणं करणाऱ्या नर्स प्रॅक्टिशनरच्या गाइडलाइन काढल्या, दीड वर्षाचं ट्रेनिंग. क्रिटिकल केअरचा, म्हणजे आयसीयूतल्या पेशंटसाठीचा दोन वर्षांचा कोर्स पण आहे. कोर्स करून पोरगी परत येते त्याच वॉर्डात, त्याच टेबलावर, आणि गोळी लिहायची तर पेन साहेबांचं.

मला तिकडचं सगळंच्या सगळं इकडं नकोय. १६० डॉलर घेणारी व्यवस्था आपल्याला परवडणार नाही, आणि ज्याच्याकडं नाहीत तो तिकडं पण दारातनं परत जातो हे मी बघितलंय. माझं मागणं लहान आहे. नर्सनं पाच सहा वर्षं नीट काम केलं असेल तर तिला दोन वर्षांचं पक्कं शिक्षण द्या, पेशंट समोर ठेवून, डोक्यावर सीनियर ठेवून, ऑनलाइन व्हिडिओ दाखवून नाही. तिनं काय बघायचं आणि काय अजिबात हात लावायचा नाही याची यादी भिंतीवर लावा, गावकऱ्यांना वाचता येईल अशी. छातीत दुखलं, पोर सुस्त झालं, गरोदर बाईचं बीपी वाढलं, पुढं पाठव. आणि जे ती करेल त्याखाली तिची सही असू द्या. नोटीस पण मग तिला येऊ द्या, हक्कानं येऊ द्या, मी तर म्हणते आनंदानं घेईल. त्या १९९१ च्या पोराच्या कागदावर माझी सही नव्हती, म्हणून मला कुणी काही विचारलं नाही, आणि कुणी विचारलं नाही म्हणून पुढची दहा वर्षं मला कुणी मान बघायला शिकवलं नाही. ते मी एका शिबिरात शिकले २००१ ला.

निघायच्या आधी मी त्या नर्सकडं परत गेले, रक्ताचा रिपोर्ट होता. मी पण नर्स हे तिला तेव्हा सांगितलं, आधी लाजेनं सांगितलंच नव्हतं. तिनं विचारलं किती डिलिव्हऱ्या केल्या असतील? मी म्हणलं मोजल्या नाहीत, पण दोन हजारांच्या वर असतील. नागपूरच्या बाईनं फोनवरनं ते सांगितलं तसं ती खुर्चीतनं उठून उभी राहिली. मग विचारलं, रेकॉर्ड असेल ना कुठंतरी? मी म्हणलं हो, असणार की. नागपूरच्या बाईला मी पुढचं सांगू नका म्हणलं.

एक विनंती. माझं नाव पत्ता फोन खाली दिलाय तो तुमच्यापुरता ठेवा, छापू नका. सहीवर एवढं पुराण लिहून हीच बाई नाव छापू नका म्हणते म्हणून हसाल, हसा. पण ते २००३ चे साहेब आता मोठ्या पदावर आहेत, माझ्या पेन्शनचा फरक अजून अडकलाय, आणि त्या टेलरच्या दुकानात तुमचाच पेपर येतो.

आपली नेहमीची वाचक,
एक रिटायर्ड नर्सबाई, ता. माण, जि. सातारा